टोपीतला पारा

मराठी भाषेचे टोपीशी फारसे सख्य नाही. टोपी घालणे म्हणजे फसवणे आणि टोपी फिरवणे म्हणजे ऐनवेळी बाजू बदलणे. समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना तर आपल्या पूर्वजांनी सरसकट 'टोपीकर' हेच नाव देऊन टाकले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ज्यांच्यापासून सावध राहायला सांगितले आहे ते हेच. त्यांच्या डोक्यावरची ती टोपी कशापासून होते, कोण करते, याची चौकशी करण्याचे आपल्याला कारण पडले नाही. पुढे साहेबाची फेल्ट हॅट आपल्याकडेही थोडीफार रुळली. 1929 सालच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात भगतसिंगांच्या डोक्यावर ती आहे आणि 1955 सालच्या 'श्री 420' मध्ये राज कपूरच्याही. पण पगडी, फेटा आणि गांधी टोपीच्या या प्रदेशात ती पाहुणीच राहिली.

आज तिची आठवण काढायची ती एका वादासाठी. युरोप-अमेरिकेत जुन्या फेल्ट हॅट्स हौसेने जमवणारी मंडळी आहेत. त्यांचे म्हणणे असे की, 1940 किंवा 1950 च्या दशकातली एखाद्या कारकुनाने वापरलेली साधी हॅट एका हातात घ्या, आजची महागडी हॅट दुसऱ्या हातात घ्या आणि डोळे मिटा. फरक बोटांना कळेल. जुनी हॅट पातळ असूनही दाट लागते, तिला बोटांनी घडी पाडली की ती तशीच राहते. नवी जाड असते, पण पोकळ लागते. एक तर ताठ, नाही तर लुळी.

माझ्या मते ही मंडळी खरे बोलतात. त्यातले काही जण त्याचे जे कारण सांगतात ते मात्र पटत नाही. ते म्हणतात, जुन्या कारागिरांकडे पारा होता. तो सरकारने बंद केला आणि मजा गेली. कायदे आले आणि कारागिरी मेली, हे वाक्य आपणही कितीतरी धंद्यांबद्दल ऐकतो. म्हणून या हॅटचा जमाखर्च जरा नीट तपासून पाहण्यासारखा आहे.

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. घोंगडीत उभा-आडवा धागा असतो, फेल्टमध्ये धागाच नसतो. घरात कुणी लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की तो आटून घट्ट होतो, हे गृहिणींना सांगायला नको. नेमके तेच येथे मुद्दाम करायचे असते. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओलावा आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. काश्मिरी नमदा याच तत्त्वावर होतो. तो लोकरीचा असतो. उत्तम हॅट मात्र लोकरीची नसून बीव्हर, ससा यांच्या अंगावरच्या आतल्या मऊ केसांची असते.

यांतला बीव्हर सर्वांत श्रेष्ठ. त्याच्या केसांना निसर्गतःच इतके काटेरी खवले असतात की ते आपोआप गुंततात. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी हिवाळाभर अंगावर वापरलेली बीव्हरची कातडी युरोपचे व्यापारी अधिक दाम देऊन घेत, कारण वरचे राठ केस झिजून गेलेले असत आणि आतले केस अंगाच्या तेलाने मुरलेले असत. 1670 साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी याच व्यापारावर उभी राहिली आणि या टोपीपायी बीव्हर कित्येक भागांतून नाहीसा झाला. मग सशाकडे वळावे लागले. सशाचा केस मात्र गुळगुळीत, तो सहजी गुंतत नाही. त्यावर तोड निघाली ती पाऱ्याची. पारा नायट्रिक आम्लात विरघळवून ते द्रावण कातड्यांवर चोळत. केसांची टोके गाजरासारखी नारिंगी होत, म्हणून इंग्रजीत या क्रियेचे नावच गाजरावरून पडले. केस खरबरीत होऊन छान गुंतू लागत.

पुढे कोंदट, वाफेने भरलेल्या खोल्यांत हे केस उकळत्या पाण्यात पुनःपुन्हा मळले जात आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात हलत, तोंडातून लाळ गळे, माणूस लाजराबुजरा आणि चिडका होऊन बसे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातले डॅनबरी हे हॅटचे गाव. तिथे या थरथरीला गावाचेच नाव मिळाले होते. हॅटवाल्यासारखा वेडा ही इंग्रजी म्हण लुईस कॅरॉलच्या 1865 सालच्या 'ॲलिस'पेक्षा जुनी आहे. मुले त्या पुस्तकातल्या चहापानाला हसतात, हसावेच; पण हॅटवाल्यांच्या घरी काय चालले असेल याची कल्पना करवत नाही. डॅनबरीजवळून वाहणाऱ्या स्टिल नदीच्या गाळात त्या कारखान्यांचा पारा अजून सापडतो.

अमेरिकेत हा पारा बंद झाला 1941 साली. युद्धाच्या काडतुसांसाठी पारा हवा होता, हेही त्याला एक कारण होते. कामगारांची थरथर शतकभर दिसत होती. तेवढ्यावर कुणी हलले नव्हते. पाऱ्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्या पद्धती आल्या. आता मौज पाहा. ज्या अमेरिकन हॅट्सची जमवणारे आज सर्वाधिक वाखाणणी करतात, त्यांतल्या कित्येक 1941 नंतरच्या आहेत. म्हणजे पारा गेल्यावरही वीसएक वर्षे उत्कृष्ट हॅट होतच होती. खाते येथेच जुळते. कारागिरीचे रहस्य पाऱ्यात असते तर ती पाऱ्याबरोबरच गेली असती.

मग रहस्य कशात होते? बऱ्याच अंशी वेळात. कारखान्यात तांब्याच्या भोके पाडलेल्या शंकूवर केस वाऱ्याने ओढून बसवतात आणि गरम पाण्याने भिजवतात. तयार होते ती अक्राळविक्राळ टोपी, अखेरच्या हॅटच्या कितीतरी पट मोठी आणि कापसासारखी भुसभुशीत. ती आटवत आणायची. जितक्या सावकाश आणि जितक्या वेळा आटवाल तितके केस दाट बसतात. मग रंग, मग लाकडी साच्यावर ओढणे, मग बारीक कानसकागदाने घासणे, मग विश्रांती. घाई केली, आटवण्याच्या एक-दोन फेऱ्या वाचवल्या, तर दुकानात फरक कळत नाही. तो पहिल्या पावसात कळतो. अर्धवट आटलेला फेल्ट उरलेले आटणे ग्राहकाच्या डोक्यावर पूर्ण करतो आणि सरळ उभी असलेली हॅट वर निमुळती होत जाते. ताठपणा आणायला लाखेचा लेप देत. ही लाख बहुतांशी आपल्या छोटा नागपूरकडची, एवढा एक भारतीय हात साहेबाच्या हॅटला लागलेला आहे. चांगल्या कारागिराला तो लेप थोडा पुरे. फेल्ट पोकळ असला की लेपावरच भिस्त ठेवावी लागते.

तपशीलही तसेच. आतला घामपट्टा चामड्याचा, तो एका बारीक दोरीवजा काडीला शिवून मग हॅटला जोडलेला. बाहेरची फीत हाताने टाचलेली. काही हॅट्सच्या काठाला शिवणच नसे, फेल्टच्या फेल्टमध्ये तो जाड कडेचा केलेला असे. न्यूयॉर्कच्या कॅव्हानाघ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा काठ आज करणारे जवळपास कुणी उरलेले नाही. स्वस्त नव्या हॅटमध्ये लोकरीचा फेल्ट, कापडी पट्टा आणि डिंकाने चिकटवलेली फीत असते.

हे सारे पूर्वी परवडत होते, कारण प्रत्येक पुरुष हॅट घालत होता. इटलीतल्या अलेसांद्रिया गावी 1857 साली सुरू झालेली बोर्सालिनो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वर्षाला वीस लाखांच्या घरात हॅट्स करीत होती. 1865 साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या स्टेटसनच्या कारखान्यात हजारो कामगार होते. कामगारांसाठी इस्पितळ आणि घरबांधणीची पतसंस्थाही होती. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या इस्पितळापेक्षा पतसंस्थेचे अप्रूप अधिक वाटते, हे मान्य करतो. एवढ्या खपावर खर्च विभागला गेला की मध्यमवर्गीयाच्या खिशाला झेपणारी वस्तूही उत्तम करता येते. मग मोटारी आल्या, त्यांची छपरे खाली आली, तरुण बोडक्या डोक्याने हिंडू लागले. जॉन केनेडींनी हॅटचा धंदा बुडवला असे अमेरिकेत म्हणतात. 1961 च्या शपथविधीला तेही हॅट घेऊन आले होते आणि गळती त्याआधीच लागली होती. स्टेटसनने 1971 साली फिलाडेल्फियाचा कारखाना बंद केला. बोर्सालिनोला 2017 साली दिवाळखोर ठरवले गेले आणि पुढच्या वर्षी ती नव्या मालकाकडे गेली. तिथे आजही एका हॅटला पन्नासहून अधिक टप्पे आणि सुमारे सात आठवडे लागतात, असे कंपनी सांगते. त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण ती हॅट आज चैनीची वस्तू आहे. उत्तम हॅट अजून मिळते, स्वस्तही मिळते, मधली गेली. आणि ज्या जुन्या हॅटसाठी हौशी लोक हळहळतात ती मधलीच होती.

दर्जा घसरला तरी शिक्के मात्र वाढत गेले. अमेरिकन हॅटमध्ये आत एक्सच्या खुणा असतात. जितके एक्स तितका केस चांगला, अशी समजूत. एके काळी तीन एक्स ही चांगली हॅट समजली जाई. आज शंभर एक्स आणि हजार एक्सच्याही हॅट्स मिळतात. या खुणेला धंद्यात सर्वमान्य माप नाही. नोटा छापाव्या तसे एक्स छापले गेले आणि चलनवाढीत जे होते तेच झाले.

अलीकडे काही तरुण एकेकट्याने हॅट करू लागले आहेत. बंद कारखान्यांचे लाकडी साचे, डोक्याचा आकार कागदावर टोचून घेणारी एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच यंत्रे ते शोधून आणतात. त्यांचे हात चांगले आहेत. कच्चा फेल्ट मात्र त्यांना पोर्तुगाल, चेक प्रजासत्ताक अशा ठिकाणच्या मोजक्या गिरण्यांकडूनच घ्यावा लागतो; गिरणी जेवढे आटवील तेवढेच यांच्या हाती.

आपल्यापैकी कुणाच्या घरी, विशेषतः गोव्याकडच्या किंवा मुंबईतल्या जुन्या घरांत, पणजोबांची फेल्ट हॅट ट्रंकेत पडली असेल तर ती जरूर काढून पाहावी. कसर लागली नसेल तर काठावरून बोट फिरवावे, पट्टा उलटून कारखान्याचे नाव वाचावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या जुन्या हॅट्समध्ये अजून पारा सापडतो आणि त्या विषाची खूण लावलेल्या पिशव्यांत ठेवल्या जातात. तेव्हा पाहून झाल्यावर हात धुवावेत आणि नातवंडाला फोटोपुरतीही ती डोक्यावर घालू देऊ नये.