चमक गेली, विष गेले?

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरून आजोबांचे गजराचे घड्याळ निघाले. वडील सांगत, त्यांच्या लहानपणी त्याचे आकडे अंधारात हिरवे चमकत. 'रेडियमचे घड्याळ' म्हणून घरात त्याचे केवढे अप्रूप! आज ते अंधारात ठार काळे आहे. शेजारचे एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "मास्तर, चमक गेली म्हणजे विषही गेले. खुशाल खोलू द्या पोरांना!" मी ते पोरांच्या हातून काढून घेतले.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर. पण एवढे मला ठाऊक आहे, की तो हिरवा उजेड रेडियमचा नव्हताच. त्याच्यात कालवलेल्या झिंक सल्फाइडचा होता. ते किरणांच्या माऱ्याने काही वर्षांतच झिजले. रेडियम निम्मे व्हायला मात्र १६०० वर्षे लागतात! दिवा विझला, विंचू जागाच आहे. काचेआड तो बराचसा निमूट. रंगाची पूड नाकातोंडात गेली, की डसलाच.

किरणोत्सारी म्हणजे हिरवे चकाकणारे, हे सिनेमाने शिकवले आणि आम्ही मानले. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांच्या हाती विद्यापीठाने लिलावात काढलेले यंत्र आले. त्यातला कोबाल्ट-६० साध्या धातूसारखाच दिसणारा. एक जण प्राणास मुकला. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात उलट घडले. ओसाड दवाखान्यातल्या यंत्रातून निघालेली सिझियमची पूड अंधारात निळी चमकली. लोकांनी कौतुकाने ती आप्तेष्टांत वाटली, जणू दिवाळीचा फराळ! सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला फासली, त्याच हातांनी खाल्ले. चार माणसे गेली. आणि त्या चिमुरडीच्या दफनाला शहरातल्या लोकांनी दगड मारून विरोध केला!

आधी आंधळे कौतुक, मग आंधळी भीती. अहो, किरण अंगावर पडणे निराळे आणि पूड अंगाला चिकटणे निराळे. दिव्याचा उजेड पडला म्हणून कोणी दिवा होत नाही. काजळी लागली, तर मात्र हात लावाल तिथे डाग. लासलगावला कोंब फुटू नयेत म्हणून कांद्यावर कोबाल्टचे किरण सोडतात. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. तरीही त्याला नाक मुरडणारे माझ्या शेजारीच आहेत, आणि तेच घड्याळ खोला म्हणतात!

भंगारवाल्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याला कोणी सांगितले होते? ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच वस्तू टाकून दिली. दोष त्यांचा, आणि आम्हां मास्तरांचाही. बाराखडीबरोबर पिवळ्यावरची तीन काळी पाती का शिकवू नयेत?

घड्याळ मी न उघडता, पिशवीत बांधून पोरांच्या हाताबाहेर ठेवले आहे. ते योग्य ठिकाणी सोपवीपर्यंत शेजाऱ्यांचा शहाणपणाही बाहेरच राहील!