एरी रेशमाचा विचार सुतापासून करावा

रेशीम म्हटले की तुतीचा मळा आणि विहिरीचे पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जत या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यास हा धंदा त्यामुळेच परका वाटतो. परंतु तुतीवाचून होणारे रेशीमही आहे. त्यास वन्य रेशीम म्हणतात. गडचिरोली व भंडारा जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचा कोसा घेतात. ऐन सह्याद्रीतही आहे. पण पाटण-जावळीच्या मुसळधार पावसात उघड्या झाडावरील अळी टिकणे कठीण. दुष्काळी भागास जवळचे आहे ते आसामात रुजलेले एरी रेशीम. वन्य रेशमात गणले जात असले, तरी त्याची अळी घरातच वाढवितात. तिचे मुख्य खाद्य एरंडाचा पाला. आणि एरंड तर बांधावर थोड्या पाण्यातही तग धरतो.

एरीचा कोश एका टोकास उघडा असतो. त्यामुळे त्यातून तुतीच्या कोशाप्रमाणे अखंड तार निघत नाही. पतंग बाहेर पडल्यावर कोश सोड्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, लोकरीसारखा कातावा लागतो. येथेच या भागाचे बळ आहे. धनगरांच्या घरी लोकर कातण्याची आणि सणगरांच्या घरी घोंगडी विणण्याची परंपरा आहे. घोंगडीची मागणी घटल्याने हे कसब लोपू लागले आहे. एरीचे सूत उबदार व टिकाऊ असते; त्याच्या शाली व चादरी होतात, लोकरीशी त्याचे मिश्रणही करता येते.

तथापि नुसते अंडीपुंज वाटले म्हणजे धंदा उभा राहिला, ही समजूत घातक आहे. कोशांना गिऱ्हाईक नसेल, तर पहिल्याच हंगामानंतर शेतकऱ्याचा विश्वास उडेल आणि तो पुन्हा बसणार नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जिल्हा रेशीम कार्यालयाचा सल्ला घेऊन प्रथम थोडे कोश बाहेरून आणवावेत व कातणाऱ्या-विणणाऱ्या घरांकडे द्यावेत. सूत चांगले उतरले व कापड विकले गेले, तरच अळ्यांचे संगोपन आरंभावे. तेही कडक उन्हाळा टाळून करावे. एरंडीचे पीक हातचे जाऊ नये म्हणून पाला बेताने तोडावा. कीटकनाशक फवारलेला पाला मुळीच घालू नये.

विणकराचा माग आधी हलला, तरच बांधावरच्या एरंडाला मोल येईल.