स्क्रूला हात सर्वांत शेवटी

सिग्नल सुटतो, आपण हलकेच अ‍ॅक्सिलरेटर पिळतो आणि मोटारसायकल झटका देऊन पुढे उडी घेते. चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल असते. मागे बसलेल्या पत्नीचा किंवा आईचा मात्र तोल जातो. म्हणूनच इंजिनाची ताकद सलग आणि एकसारखी मिळणे ही काही हौशी तरुणांची चैन नव्हे. तो घरच्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

दोष बहुधा पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणात असतो. वजनाने 1 भाग पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 भाग हवा लागते. पेट्रोल कमी पडले की गाडी झटके देते, इंजिन तापते. जास्त झाले की काळा धूर निघतो, अ‍ॅव्हरेज घटते.

कार्बोरेटरला ऋतू मात्र कळत नाही. लखनौचे उदाहरण घ्या. तिथे 1972 साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीची ‘विजय सुपर’ स्कूटर एके काळी घरोघरी ठाऊक होती. त्या शहरात जानेवारीच्या धुक्यात दात वाजतात आणि मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. थंड हवा घट्ट असते, म्हणून तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त मिळते. उन्हाळ्यात याच्या उलट. जानेवारीत जुळवलेली गाडी जूनमध्ये किंचित जड वाटली, तर नवल नाही.

पण गाडी झटके देऊ लागली की लगेच स्क्रू फिरवायला सांगू नका. आधी क्रमाने पाहा. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का? स्पार्क प्लग काढून त्याचे टोक तपासा: फिकट तपकिरी रंग उत्तम, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकत नाही ना, चेन सैल नाही ना? सैल चेनचा झटका पुष्कळदा कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबरी जोडाला चीर असेल, तर तिथून हवा शिरते. हे सारे ठीक असेल तर कार्बोरेटर उघडून जेट साफ करून घ्या. बारीक कचऱ्यानेही छिद्र बुजते.

एवढे झाल्यावरच स्क्रू. इंजिन गरम हवे. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी आणि थोडे थोडे फिरवत इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे थांबावे. नंतर आयडलिंग नेहमीच्या वेगावर आणावे. हा स्क्रू फक्त हळू चालण्यावर परिणाम करतो. भर वेगातली तक्रार त्याने सुटत नाही. शेवटी पीयूसी चाचणी करून घ्यावी, म्हणजे धुराची खात्री पटते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. तिथे सेन्सर हवेचा अंदाज घेतात आणि संगणक पेट्रोल मोजून देतो. अशा गाडीत झटके आले तर थ्रॉटल बॉडीची सफाई आणि सेन्सरची तपासणी अधिकृत केंद्रातच करावी. ‘चिप’ बसवून ताकद वाढवून देणाऱ्यांच्या नादी लागल्यास वॉरंटी गमावण्याची वेळ येऊ शकते.

जुन्या गाडीवाल्यांना एक सूचना. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात प्राणवायू मुळातच असतो, त्यामुळे कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळ होते. जुने रबरी पाइपही लवकर खराब होऊ शकतात. पुढच्या सर्व्हिसिंगला ते आवर्जून पाहायला सांगा.