बोटाची किंमत दोनशे रुपये नाही

झोडणी आटपली की आपली पोरं पाडा सोडतात. एकसाली प्लॉटचा निकाल लागत नाही, बापजाद्यांपासून कसलेल्या जमिनीवर गार्ड उभं राहू देत नाही, घरातलं भात होळीपर्यंत पुरत नाही. मग मुकादम येतो, थोडी उचल देतो आणि पोरांना लाकडाच्या गिरणीत नेऊन घालतो. पोरं परत येतात तेव्हा कुणाची दोन बोटं नसतात, कुणाचा अंगठा नसतो.

आपल्या हातात कुऱ्हाड दिसली की जंगलखातं गुन्हा लिहितं. त्याच जंगलातला साग शिक्का मारून गिरणीत जातो. आमची कुऱ्हाड चोर, आणि आमचा हात कापणारी करवत साव!

ही करवत म्हणजे विजेवर फिरणारं गोल पातं. फळी हातानं ढकलायची. लाकडात गाठ आली किंवा कापलेली चीर पात्यावर मिटली, की फळी उसळते आणि हात पात्यावर जातो. म्हणून पात्यावर झाकण लागतं, पात्यामागं चीर उघडी ठेवणारी पट्टी लागते, शेवटची वीतभर फळी ढकलायला काठी लागते. एका काठीला शेठचा काय खर्च येतो? पण झाकणानं काम हळू होतं, म्हणून ते कोपऱ्यात पडलेलं. भुसा काढायलाही मशीन बंद करायची नाही. यंत्राचा धोक्याचा भाग झाकून ठेवा, असं 1948 च्या कारखाना कायद्यानंच मालकाला सांगितलं होतं. बोट गेल्यावर शेठ मात्र सांगतो, पोरगा अडाणी होता.

नाहीतर सांगतो, दारू प्यायला होता. आदिवासी म्हटला की दारू, हे त्यांचं ठरलेलंच. पण शेठनं नुसतं म्हणून भागत नाही. दारूमुळेच हात कापला हे त्यानं सिद्ध करायचं आहे. आणि नजर चुकली, हात घसरला, एवढ्यानं भरपाई बुडत नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालीच झाला. इतकी वर्षं तो आमच्यापासून लपवून ठेवला.

कायद्यात बोटांचा हिशेब लिहिलेला आहे. अंगठा गेला तर शंभरातले तीस टक्के, दोन बोटं वीस टक्के, तीन बोटं तीस, चारी बोटं पन्नास, पुरा पंजा साठ. हे टक्के कशाचे? माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर जी रक्कम मिळते, तिचे. 1984 च्या दुरुस्तीनं ती रक्कम कमीत कमी 24,000 रुपये ठरली होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं दोन बोटांचे 4,800 च्या खाली येतच नव्हते. वीस वर्षांचा पोरगा महिना 300 रुपये कमवत असेल तर त्या हिशेबानं 6,720 होत होते. शेठ देतो दोनशे आणि एसटीचं तिकीट! दवाखान्याचा खर्च त्यानं केला असला तरी तो या पैशातून कापता येत नाही.

हा हिशेबही आम्हाला पुरा मान्य नाही. तो पगारावर बांधलेला आहे. शेठ किमान वेतन देत नाही, म्हणून आमचं बोटही स्वस्त. तरी आधी जे लिहिलंय ते तर वसूल करू.

शेठ म्हणेल, हा माझा माणूस नाही, मुकादमाचा. गिरणीच्या धंद्याचं काम गिरणीत करत होता ना? मग मूळ मालक जबाबदार. शेठ म्हणेल, रजिस्टरला नाव नाही. रजिस्टर शेठनं लिहायचं असतं, आम्ही नाही. सोबतचे गडी साक्ष देतील. जिथं ईएसआयचं कार्ड आहे तिथं पैसे विम्याकडून मागायचे, हक्क तिथंही आहे.

पूर्वी सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी नेल्या. आता शेठ उरलेल्या अंगठ्याचा ठसा घेतो, "माझं काही मागणं नाही" म्हणून. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यानं रद्दच असतो. ज्यांनी ठसे दिले आहेत त्यांनी गप्प बसू नये. दोन वर्षांच्या आत आयुक्ताकडे अर्ज करता येतो.

दवाखान्यात मुकादम "पडून लागलं" असं लिहून घेतो, तिथं खरी गोम आहे. केसपेपरवर डॉक्टरला लिहायला लावा : कुठल्या गिरणीत, कुठल्या तारखेला, करवतीत हात कापला. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच बाहेर पडा. तो कागद आणि दोन साक्षीदारांची नावं घेऊन पाड्याच्या बैठकीला या. अर्ज आपण तिथंच लिहू.