हृदयाच्या झडपेतले कापड

थान, पन्ना, वजन आणि उधारी यापलीकडे आम्ही कापडवाले कापडाचा विचार करीत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनविलेल्या हृदयाच्या कृत्रिम झडपेला पॉलिएस्टर कापडाचे कडे असते आणि सर्जन त्याच कापडातून टाके घालून झडप बसवितो, हे कळले तेव्हा मी थक्क झालो. तीन नमुने फसले, चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम एका रुग्णाला बसविण्यात आली.

वैद्यकीय उपकरणांत आपला देश अजूनही बराच परदेशी मालावर चालतो, हे खरे. पण मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून मोतीबिंदूनंतर बसवायची भिंगे परदेशी मालाच्या कितीतरी कमी भावात दिलीच ना? रुग्ण भरपूर, डॉक्टर हुशार, किंमत गरिबाला परवडणारी. ही भारताची ताकद सगळेच सांगतात. चौथी ताकद कोणी सांगत नाही, ती म्हणजे कारागीर.

जयपूर फूट घ्या. परदेशी कृत्रिम पाय बूट घालणाऱ्यांसाठी होता. आपला माणूस अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, नमाजीला तर जमिनीवरच बसायचे असते. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्यांच्यासोबतचे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय घडविला. शर्मांचे शिक्षण बेताचेच, हुनर मात्र अस्सल. १९८१ चे मॅगसेसे पारितोषिक डॉक्टरसाहेबांना मिळाले. शर्मांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

रबर, चामडे, पत्रा, शिलाई यांचे उस्ताद आपल्याही मोहल्ल्यांत आहेत, पण दुसऱ्याच्या नावाने मजुरीवर माल करतात. सरकारी कागद म्हटला की आमचे लोक दचकतात. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी कागद वाढविले, हे मान्य. मात्र सर्वांत कमी धोक्याच्या ‘ए’ वर्गातील जी वस्तू निर्जंतुक करून विकायची नसते आणि मोजमापही करीत नाही, तिला २०२२ पासून परवान्याची गरज नाही, ऑनलाइन नोंदणी पुरते. गल्लीतल्या पाच कारखानदारांनी एक फर्म काढावी आणि कागदपत्रांसाठी एक शिकलेला मुलगा नेमावा. एका थाटाच्या वलीम्याच्या खर्चात त्याचा वर्षाचा पगार निघेल. आणि पहिली चक्कर बाजारात नव्हे, जवळच्या सरकारी इस्पितळाच्या हाडांच्या विभागात मारावी. कोणती वस्तू वारंवार मोडते, कोणती वेळेवर मिळत नाही, हे तिथल्या डॉक्टरांना विचारावे.