एका रकान्याने जग थांबलं, आपण काय शिकणार?



१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरातले संगणक अचानक निळे पडू लागले. बंद होत, पुन्हा सुरू होत, पुन्हा निळे! अनेकांना वाटलं व्हायरस आला. प्रत्यक्षात, व्हायरसपासून राखण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सॉफ्टवेअरचं ते सदोष अपडेट होतं.

चूक किती मोठी होती? आपल्याला पटकन कळेल अशी आहे. नव्या फाइलने २१ व्या रकान्यातली माहिती तपासायला सांगितली, आणि प्रोग्रॅमकडे रकाने होते २०! नसलेला रकाना वाचायला गेला आणि अख्खा संगणकच कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. एकूण विंडोज संगणकांच्या मानाने हे एक टक्क्याहूनही कमी, पण ते विमानतळ, दवाखाने, बँका अशा मोक्याच्या जागी होते.

कंपनीने फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्याला दुरुस्ती पोचणार कशी? बऱ्याच ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी बसून ती फाइल काढावी लागली.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा विमानतळांवर रांगा लागल्या. इंडिगोची जवळपास २०० उड्डाणं रद्द झाली. आणि तरीही काही विमानं उडाली, कारण कर्मचाऱ्यांनी पेन हातात घेतलं. हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

मला वाटतं, आपल्यासाठी खरा धडा त्या पेनात आहे. आज हजेरी, पोषण आहार, विद्यार्थ्यांची माहिती, सगळं ऑनलाइन. सोय आहेच, नाकारत नाही. पण सर्व्हर बंद पडला म्हणून मुलाचं नाव, पालकांचा नंबर किंवा आजच्या जेवणाचा हिशेब अडून चालेल का? पटांगणात पडून एखाद्या लेकराला लागलं, तर आईचा नंबर त्या मिनिटाला हवा.

"म्हणजे पुन्हा दुहेरी काम?" असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. शिक्षकांवर आधीच कागदांचा डोंगर आहे. म्हणून सगळंच दोनदा लिहा असं मी म्हणत नाही. फक्त तीन गोष्टी कागदावर असाव्यात: रोजची हजेरी, पालकांचे नंबर आणि पोषण आहाराची नोंद. आणि हे करणाऱ्या शिक्षकाकडून तीच माहिती वरून चार वेळा मागवू नये, हीही माझी तितकीच ठाम मागणी आहे.

दुसरं, या घटनेनंतर कंपनीने अपडेट टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! नवं ॲप आलं की नाशिकच्या सगळ्या शाळांना एकाच दिवशी सक्ती कशाला? आधी एका केंद्रात वापरून बघा, अडचणी ऐका, मग पुढे न्या.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलाला घरचे दोन फोन नंबर तोंडपाठ असू द्या. चौथी-पाचवीच्या मुलांकडून एकदा तिकीट हाताने लिहून घ्या: नाव, तारीख, वेळ, आसन क्रमांक. दुसऱ्याला वाचता येईल असं अक्षर हवं. खेळता खेळता लेखनही होईल आणि रकानेही समजतील.

येत्या पालकसभेत यावर दहा मिनिटं जरूर बोलू या.