पाच रुपयांचं पाकीट

संध्याकाळी सहाला नालासोपाऱ्यातल्या कुठल्याही इमारतीखाली उभं राहा. दुचाक्यांच्या रांगेतून अंग चोरत एक मुलगा वाण्याकडे येतो, पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट घेतो आणि परत वर, मोबाइलपाशी. आई-बाबांना लोकलमध्ये लोंबकळत घरी पोचायला रात्र होते. तोवर त्याने खेळायचं कुठे?

त्याचं वजन वाढलं की त्याला खादाड म्हणणं सोपं आहे, पण तो अन्याय आहे. आनुवंशिकता, अपुरी झोप, बसून राहणं, स्वस्त तळकट खाणं, सगळं त्याच्या अंगावर साचतं. त्याच्याहून लहानांतही हे दिसतं: महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या बालकांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १.९ टक्के नोंदवलं; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झालं. नालासोपारा ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याची मुलं कुपोषणाने खंगतात, हे लिहिताना हात जड होतो. दोन्हीकडे मुलाला मिळायला हवं ते अन्न मिळत नाही.

असं अन्न इथे शेजारीच पिकायचं: वसईची केळी, वाळवलेली सुकेळी मुंबईभर नावाजलेली. केळीच्या वाड्या गेल्या, तिथे मजले चढले; खेळायची जागाही आटली. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज साठ मिनिटांची हालचाल सुचवते. शाळांच्या मैदानांची कुलपं संध्याकाळी दोन तास उघडा, एवढंच आम्ही महापालिकेकडे आणि संस्थाचालकांकडे मागतो आहोत.